कॅटलॉगमधले 160 न्यूटन इंदुरात गेले कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या एका विद्यार्थी टीमने 160 न्यूटनचं छोटं टर्बोजेट (जेट इंजिन) घेतलं. मे महिन्यात दुपारी, 40 अंशांत, टेस्ट स्टँडवर त्याने 131 न्यूटन थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) दिला. विमानाच्या धडात बसवल्यावर 112 वर आला आणि आरपीएम तोच असताना एक्झॉस्टचं तापमान 35 अंशांनी वाढलं. दोन्ही बाजूंना 40 बाय 50 मि.मी.चे इनटेक (हवा आत घेणारी तोंडं) आहेत, कडा धारदार, आणि 600 मि.मी.चा स्टीलचा टेलपाइप (गरम वायू मागे बाहेर नेणारा पाइप) दोन्ही टोकांना घट्ट आवळलेला आहे. इंजिन खराब निघालं का?

नाही, इंजिन परत पाठवू नका. 160 चे 131 झाले ते हवेमुळे, 131 चे 112 झाले ते तुमच्या विमानामुळे. पहिल्यावर इलाज नाही. दुसरी तूट बहुतेक भरून काढता येईल.

आधी हवेचं. कॅटलॉगमधला आकडा 15 अंश आणि समुद्रसपाटीचा दाब धरून दिलेला असतो. इंदूर साधारण 550 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे दाब 94 टक्क्यांच्या आसपास, मेमध्ये आणखी थोडा कमी. उष्णतेचा फटका याहून मोठा. 40 अंश म्हणजे 313 केल्विन, त्याला 288 ने भागलं की 1.087, त्याचं वर्गमूळ 1.043. आरपीएम 100 टक्के दिसत असला तरी कॉम्प्रेसरच्या (आत येणारी हवा दाबणाऱ्या पुढच्या चाकाच्या) दृष्टीने तो 96 टक्केच असतो, आणि या आकाराच्या इंजिनात थ्रस्ट साधारण त्याच्या तिसऱ्या घाताने किंवा त्याहून थोडा जास्त घसरतो. 0.96 चा घन 0.88, गुणिले 0.935, गुणिले 160, उत्तर 131 ते 132. तुमचं इंजिन तंतोतंत बरोबर चाललं आहे. हेच इंजिन बडोद्याला त्याच 40 अंशांत 139 च्या आसपास देईल, आणि इंदुरातच जानेवारीच्या सकाळी 12 अंशांत 152 पर्यंत. (मग प्रवासी विमानं भर उन्हाळ्यात कशी उडतात? त्यांची बरीच इंजिनं फ्लॅट रेटेड असतात: समुद्रसपाटीला साधारण 30 अंशांपर्यंत थ्रस्ट कायम ठेवतात, त्यापुढे तीही घसरतात. छोट्या टर्बोजेटला ही सोय नसते.)

आता विमानाचं. या वर्गाचं इंजिन कॅटलॉगच्या स्थितीत सेकंदाला सुमारे 0.38 किलो हवा घेतं, इंदूरच्या दुपारी 0.32 ते 0.33. तुमच्या दोन्ही इनटेकचं क्षेत्रफळ मिळून 40 चौ.से.मी. म्हणजे तोंडाशीच हवेचा वेग 77 मीटर प्रतिसेकंद, आणि त्या वेगाचा गतिज दाब पाण्याच्या उंचीत 32 से.मी. विमान उभं असताना हवा चोहोबाजूंनी वळून आत येते. धारदार कडेवर ती सुटते आणि त्यातला अर्ध्याहून जास्त दाब तिथेच संपतो. पुढे डक्ट हळूहळू न रुंदावता एकदम इंजिनाच्या कप्प्यात उघडत असेल तर उरलेला गतिज दाबही वाया. एकूण 50 से.मी.च्या आसपास, म्हणजे 5 टक्के. कमी प्रेशर रेशोच्या (हवा कमी पट दाबणाऱ्या) इंजिनात इनटेकचा 1 टक्का दाब गेला की थ्रस्ट दीड ते दोन टक्क्यांनी जातो. बहुतेक चोरी इथेच झाली आहे.

हे मोजायला महागडं काही लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी, रंगीत पाणी, यू आकार. एक टोक कॉम्प्रेसरच्या पुढच्या कप्प्यात, दुसरं बाहेर. इंदूरच्या दाबाला साधारण 10 से.मी. फरक म्हणजे 1 टक्का. नळी मीटरभर उंच घ्या, नाहीतर पाणी थेट इंजिनात जाईल.

दोन्ही इनटेकचं मिळून क्षेत्रफळ 60 चौ.से.मी. करा, कडेला आतून 6 ते 7 मि.मी. त्रिज्येची गोलाई द्या, डक्ट हळूहळू रुंदावत न्या. तूट 1 टक्क्याच्या आसपास येईल. इनटेक धडाला चिकटवू नका. नाकापासून 80 से.मी. मागे बाउंडरी लेयर (धडाला घासून मंदावलेल्या हवेचा थर) 15 मि.मी.पर्यंत जाड होतो, तेवढी फट मध्ये हवी. एवढं जमत नसेल तर धडात चीटर होल (जास्तीची हवा आत घेणारी भोकं) पाडा, पण इंजिनाच्या पुढे. मागे, टेलपाइपजवळ पाडलं तर गरम हवा ओढली जाईल.

मात्र नुसत्या इनटेकच्या ओढीने तापमान 35 अंश चढत नाही. आरपीएम तोच आणि तापमान जास्त, तर मागे बघायचं. स्टीलचा 600 मि.मी. पाइप 450 अंशांनी तापला की साधारण साडेचार मि.मी. लांबतो. दोन्ही टोकं आवळलेली असतील तर तो वाकतो, त्याचं बेलमाउथ (पुढचं कर्ण्यासारखं पसरट तोंड) इंजिनाच्या नोझलच्या मध्यरेषेवरून सरकतं आणि थोडा गरम वायू कप्प्यात उलटा फिरतो. थंड असताना मोजाल तर सगळं सरळच दिसेल. शिवाय कप्प्यात बाहेरपेक्षा दाब कमी, त्यामुळे वायूला मागे यायचं आमंत्रणच. कॉम्प्रेसरकडे जाणारी हवा 10 अंशांनी तापली की थ्रस्ट 5 टक्क्यांनी उतरतो. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा. बाहेरच्यापेक्षा 3 ते 5 अंशांहून जास्त दिसलं तर हाच दोष. पाइप पुढच्या टोकाला पक्का करा, मागच्या टोकाला लांबट भोकांत सरकता ठेवा.

तपासणी एकाच दिवशी, तासाभराच्या आत उरका, नाहीतर हवेची तूट पुन्हा हिशेबात घुसेल. आधी नुसतं इंजिन स्टँडवर, हवा घेणाऱ्या तोंडाला बेलमाउथ लावून. मग धडात, इंजिनाच्या कप्प्याचं झाकण (हॅच) उघडं. मग हॅच बंद. उघडल्यावर थ्रस्ट परत आला तर दोष इनटेकचा. तापमान चढलेलंच राहिलं तर टेलपाइपचा. लोड सेल (थ्रस्ट मोजणारा सेन्सर) दर वेळी 10 किलोचं वजन पुलीवरून टांगून तपासा, 98 न्यूटन दिसायला हवेत. चाकांच्या घर्षणात 3–4 न्यूटन सहज हरवतात, म्हणून विमान पट्ट्यांवर टांगलेलं बरं. टर्बाइनच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, सीओटू सिलिंडर हाताशी.

हे सगळं करून जमिनीवर 125 मिळाले, तरी 60 मीटर प्रतिसेकंद वेगाला ते उरत नाहीत. आत येणाऱ्या हवेचा संवेग वजा होतो: 0.325 गुणिले 60, म्हणजे 19 ते 20 न्यूटन. वेगामुळे इनटेकमध्ये दाब वाढतो, त्याचे 5 न्यूटन परत. ड्रॅगच्या (हवेच्या रोधाच्या) हिशेबात 110 धरा.

आणि माळव्यातली धूळ अडवायला इनटेकला जाळी लावणार असाल तर स्टँडवरच्या चाचणीतही तीच जाळी ठेवा. जाळीतही दाब जातो. एकीकडे ती लावली आणि दुसरीकडे नाही, तर हिशेब जुळणार नाही.