महापालिकेच्या शाळेत स्पीच थेरपी असिस्टंट व्हायचं आहे. कोणता कोर्स करावा आणि काम कसं असतं?

कोर्सचं आधी सांगते. बारावीनंतर एक वर्षाचा डिप्लोमा आहे, डी.एच.एल.एस. (डिप्लोमा इन हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच). मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा. दुसरीकडे घेणार असाल तर अशा कोर्सना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची (आर.सी.आय.) मान्यता बघूनच फी भरा. परिषदेच्या नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही, १९९२ चा कायदा आहे.

आता काम. पूर्व उपनगरातल्या एका शाळेत मी रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात दुसरीच्या बाईंनी अकरा मुलांची यादी हातात दिली, 'उच्चार अशुद्ध' म्हणून. एकेकाला बसवून चित्रं दाखवली. 'पानी', 'लोनी', 'कोन'. बाकी सगळं खणखणीत. अहो, ही मुलं घरची भाषा बोलत होती! माझी आई जन्मभर 'पानी'च म्हणाली. मीही म्हणायचे, आणि त्यापायी पाचवीत वर्गात हात वर करणं सोडलं होतं. यात थेरपी करण्यासारखं काही नाही, असं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही इथे कशाला?"

ज्याला खरी गरज होती तो यादीत नव्हताच. तो सापडला मधल्या सुट्टीत, खिचडीच्या रांगेत. ताट पुढे करून हळूच म्हणाला, "थिचडी." नंतर बघितलं तर क-ख-ग-घ चारही त-थ-द-ध होत होते. गाय म्हणजे 'दाय'. तीन वर्षांच्या मुलाचं हे चालतं, सात वर्षांच्या नाही. हसतील म्हणून तो वर्गात बोलतच नसे, आणि बाईंच्या लेखी तो शांत, गुणी मुलगा.

आमच्या थेरपिस्ट मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी आधी कान तपासून घ्यायला लावले, ते ठीक निघाले. मग आमचा रोजचा सराव, समोर आरसा. हात धुऊन त्याने स्वतःच्या बोटाने जिभेचा शेंडा खाली दाबायचा आणि 'ता' म्हणायचं. शेंडा अडला की जीभ मागून उचलली जाते आणि 'का' निघतो. पहिल्यांदा जमलं ते शब्दाच्या शेवटी, 'नाक'. 'काका' यायला पुढे दीड महिना लागला.

म्हणून सांगते, न-ण सुधारायला कोणी मूल पाठवलं तर स्पष्ट नाही म्हणा. लिहिताना ण शिकवायलाच हवा, पण ते वर्गातलं काम, त्यासाठी मुलाला आजारी ठरवू नका. अर्थात निदान करणं हे असिस्टंटचं काम नसतं. त्या दिवशी बाईंशी बोलण्याआधी मी मॅडमना विचारायला हवं होतं, पण मुद्दा माझाच बरोबर होता आणि मॅडमनीही तेच सांगितलं.

माझी नेमणूक कंत्राटी होती. मुलाखतीत पगाराआधी हे विचारा: थेरपिस्ट शाळेत किती वेळा येतात, आणि मुलांची यादी कोण करतं?