अध्यक्षपदाला उभं राहायचं म्हणतेस, तर आधी एसटी स्टँडवर जा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचं अध्यक्षपद लढवायचं आणि जमलं तर पुढे विद्यापीठाचं, हे वाचून खरंच खूप आनंद झाला गं. शेवटी विचारलंयस की मावशी स्लोगन काय ठेवू आणि पोस्टर कसं करू. ते मागाहून बघू, त्याला एक संध्याकाळ पुरते. मला आधी वेगळंच बोलायचंय आणि पत्र जरा लांबणार आहे.

निवडणूक कधी लागेल ते तुझ्या हातात नाही हे आधी डोक्यात पक्कं कर. १९८९ ला मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, कॉलेजांतलं वातावरण नासलं आणि १९९३-९४ पासून आपल्या राज्यात खुल्या निवडणुका बंदच झाल्या, त्यानंतर कितीतरी वर्षं मार्क बघून सीआर म्हणजे वर्ग प्रतिनिधी नेमायचे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणूक परत आणली, कायदा १ मार्च २०१७ पासून लागूही झाला, २०१९ ला वेळापत्रक आलं ते पुढे ढकललं आणि मग करोना. तेव्हा तारीख लागू दे मग कामाला लागते असं म्हणशील तर बसून राहशील. आणि तारीख लागली की हातात दिवस किती? विद्यार्थी निवडणुकांचे नियम ठरवणाऱ्या, माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने फॉर्म भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत आटपायला सांगितलंय. दहा दिवसांत पोरं तुला ओळखायला लागतील का? चेहरा ओळखतील फार तर. तू कामाची आहेस की नाही हे त्यांना आधीच माहीत असायला हवं, म्हणून अध्यक्षाचं काम आजपासूनच करायला घे, पद मिळेल तेव्हा मिळेल.

काम म्हणजे काय ते सांगते. तुमच्या कॉलेजातली निम्मी पोरं तरी रोज एसटीने येतात ना? जयगडकडची, पावसकडची, लांज्याकडची, खाडीपलीकडची. ही पोरं तुला कॅन्टीनमध्ये दिसणार नाहीत, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला नाहीत, संध्याकाळच्या कट्ट्यावर तर नाहीतच, कारण त्यांची गाडी सुटते. आणि निवडणुकीला उभं राहणारे सगळे कॅन्टीनमध्येच प्रचार करतात! तू स्टँडवर जा. एक वही घे, गावाचं नाव, तिथली किती पोरं, सकाळची गाडी किती वाजता, परतीची किती वाजता, शेवटचं लेक्चर किंवा प्रॅक्टिकल कधी संपतं, एवढंच लिहीत जा. मत मागू नकोस. नुसतं विचार आणि लिही. आठवड्याभरात तुला असं काही दिसेल जे कॉलेजात कोणाला माहीत नाही, उदाहरणार्थ केमिस्ट्रीची एखादी बॅच पाचला सुटते आणि एका बाजूची गाडी पावणेपाचला गेलेली असते, मग त्या मुली एकतर प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळतात नाहीतर अंधार पडेस्तोवर स्टँडवर बसतात आणि घरी रोज बोलणी खातात. अशा मुलींचं कॉलेज सुटतं गं, पुढच्या वर्षी अॅडमिशनच घेत नाहीत, आणि विचारलं की घरच्यांनी नको म्हटलं एवढंच कळतं.

आता यावर बहुतेक जण काय करतील, जादा गाडी द्या म्हणून निवेदन देतील, फोटो काढतील, स्टेटसला टाकतील. तू आधी एचओडींकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे जा, वहीतलं पान दाखव आणि सांग की या मुलींची बॅच दुपारची करा. गाडी हलवायला महिने जातात, बॅच एका दिवसात हलते. ते नाहीच झालं तर मग आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज, गावं आणि पोरांचा आकडा लिहून, प्राचार्यांचं पत्र जोडून, एक प्रत विभाग नियंत्रकांना. आणि अर्ज दिलास की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही, ही सवय आत्ताच लाव. पासाचंही बघ, विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते, पण त्यासाठी खिडकीवर उभं राहून तास बुडवणारी पोरं अजून आहेत. २०२४ च्या जूनमध्ये एसटीने पास थेट शाळा-कॉलेजात द्यायची मोहीम काढली होती, तुमच्या कॉलेजात तसे मिळतात का विचार, मिळत नसतील तर यादी करून द्यायला कोण तयार आहे ते बघ. कोणीच नसेल तर तू आहेसच.

दुसरं, तो २०१६ चा विद्यापीठ कायदा वाच. खरंच वाच, कोणाकडून ऐकू नकोस. परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव कॉलेज डेव्हलपमेंट कमिटीवर म्हणजे कॉलेजच्या विकास समितीवर असतात, त्या सीडीसीची वर्षाला किमान चार वेळा मीटिंग व्हायला हवी, बजेट आणि वर्षाचा आराखडा तिथे ठरतो. म्हणजे मुलींच्या बाथरूमचा नळ, लायब्ररीची वेळ, हॉस्टेलची गळती हे सगळं बोलायची खरी जागा ती आहे, स्टेजवरचा माइक नाही. गॅदरिंगला पाहुणा कोण आणायचा यात वर्ष घालवणारे अध्यक्ष होतात, तू तशी होऊ नकोस. आपले बॅरिस्टर नाथ पै बघ, वेंगुर्ल्याचे, राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून लोकसभेत. त्यांचं भाषण कसं होतं ते आजही जुनी माणसं भरभरून सांगतात, पण १९६७ ला संसदेला मूलभूत हक्क बदलता येणार नाहीत असा गोलकनाथ निकाल सुप्रीम कोर्टाने दिल्यानंतर संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार असावा म्हणून खासगी विधेयक मांडणारे तेच होते. त्यामागे किती वाचन असेल विचार कर. नुसत्या आवाजावर ते होत नाही.

लिंगडोहचे नियमही पाठ कर, सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ ला ते लागू करायला सांगितलेत. खर्च ५,००० रुपयांच्या वर नाही, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशोब द्यायचा, छापील पोस्टर चालत नाही, हाताने केलेलंच, लाऊडस्पीकर नाही, प्रचाराला गाड्या नाहीत, ७५ टक्के हजेरी पाहिजे, त्या वर्षी केटी म्हणजे राहिलेला विषय नको. तुझी हजेरी पावसाळ्यात पडते हे मला माहिताय, ती आधी सुधार. आणि एक मुद्दा पोरं वाचतच नाहीत, पदाधिकारी म्हणून लढायची संधी एकदाच असते. एकदाच. म्हणून मैत्रिणी म्हणाल्या आणि भरला फॉर्म असं करायचं नाही. आपल्या राज्याची नियमावली त्या वेळी जी असेल तीही ऑफिसातून मागून घे, अट कुठे वेगळी असेल तर तीच धरायची.

आता मुलगी म्हणून बोलते. कायद्यात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी अशी पदं आहेत. तुला नक्की सांगायला येतील की अगं महिला प्रतिनिधीला उभी राहा ना, ते तुमचंच आहे, बिनविरोध करू. आमच्या वेळीही मुलगा जीएस (जनरल सेक्रेटरी) आणि मुलगी एलआर (मुलींची प्रतिनिधी) हे ठरलेलंच असायचं, मला तर एका सरांनीच केबिनमध्ये बोलावून तसं समजावलं होतं आणि मी जीएसचाच फॉर्म भरला, निवडून आले. महिला प्रतिनिधी हे पद छोटं नाही, त्यासाठी एखादी चांगली मुलगी शोध आणि तिला जीव तोडून मदत कर, पण तुला अध्यक्ष व्हायचंय तर फॉर्म अध्यक्षपदाचाच भर. घरी मात्र आधी बोल. बाबांना दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. आईला सांग की संध्याकाळी उशीर होईल तेव्हा सोबत कोण असेल, नावानिशी सांग, म्हणजे वाडीत कोणी काही बोललं तर तीच तुझ्या बाजूने उत्तर देईल.

पैसे घेऊन माणसं येतील. कोणीतरी भाऊ, कोणीतरी दादा, म्हणतील बॅनर आमचा, टीशर्ट आमचे, नाश्ता आमचा, तू फक्त उभी राहा. पक्षाचे पैसे घ्यायला नियमातच मनाई आहे हे नम्रपणे सांग आणि चहाही स्वतःच्या पैशाने पी. कारण निवडून आल्यावर त्याच दादाच्या माणसाला कॅन्टीनचं काम हवं असतं, मग तू कोणाच्या बाजूने बोलणार? तसंच भावकी आणि समाजावर मतं मोजू नकोस. आपल्याकडे आडनाव कळलं की गाव, वाडी, सगळं विचारून होतं, तेवढ्यावर मत मागणं सोपं वाटतं, पण तसं मागितलेलं मत देणारा दुसऱ्या वाडीच्या पोराला तुझ्यापासून तोडतो.

गणपतीचंही बोलून ठेवते. सत्र सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्या असं लिंगडोह म्हणतात, म्हणजे जून-जुलैला कॉलेज सुरू झालं की आपल्याकडे बरोबर गणपतीचे दिवस येणार. अर्धं कॉलेज गावी, चाकरमान्यांनी गाड्या भरलेल्या, मतदानाला येणार कोण? तारखेची चर्चा सुरू झाली की लगेच प्राचार्यांना लेखी दे की मतदान गणपतीच्या आधी किंवा नंतर ठेवा, एसटीची पोरं मतदानाला मुकतात म्हणून. आणि घरोघरी आरतीला जाशील तेव्हा प्रचार अजिबात नको. कॅम्पसबाहेरच्या प्रचाराला तशीही मनाई आहे, पण नसती तरी मी हेच सांगितलं असतं, कोणाच्या घरी देवासमोर उभं राहून मत मागायचं नाही.

विद्यापीठाची निवडणूक ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तिथे सगळी पोरं मत देत नाहीत, कॉलेजांच्या परिषदांवर निवडून आलेले पदाधिकारी आपल्यातून निवडतात. मुंबई विद्यापीठ म्हणजे मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सात जिल्हे, आणि कॉलेजांची गर्दी मुंबई-ठाण्यात. कोकणची लेक म्हणून उभी राहिलीस तर आपल्याकडची मतं मिळतील आणि तिथेच थांबशील. पण मार्कशीटमधली एक चूक दुरुस्त करायला मुंबईत विद्यापीठाच्या ऑफिसात कलिन्याला जावं लागणं, गाडीभाडं, एक रात्र कोणाकडे तरी राहणं, हे जव्हारच्या पोराला आणि पोलादपूरच्या पोरीलाही तसंच भोगावं लागतं. लांबच्या कॉलेजांचा हा एकच मुद्दा धर, त्यांच्या सीआर लोकांशी आत्तापासून ओळख ठेव. विद्यापीठ परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव अधिसभेवर म्हणजे सिनेटवर जातात, तिथे कुलगुरूंसमोर हा प्रश्न मांडता येतो, सगळी कामं रत्नागिरीच्या उपपरिसरात का होत नाहीत हे विचारता येतं. २०१७ ला ऑनलाइन पेपर तपासणीत निकाल रखडले तेव्हा लांबच्या पोरांनी नुसतं फोनवर वाट बघत बसायचं एवढंच केलं होतं, त्यांच्या वतीने बोलणारं तिथे कोणीतरी हवं.

भाषण तीन मिनिटांचं कर, घरात बोलतेस तसं, पुस्तकी नको. वहीतली दोन गावं घे, काय झालं आणि काय राहिलं ते सांग आणि खाली बस. समोरच्या उमेदवाराबद्दल एक अक्षर वाईट नाही, व्हॉट्सअॅपवरही नाही, आणि तुझ्या ग्रुपमधल्या कोणी त्याचं पोस्टर फाडलं तर तूच जाऊन परत लाव.

पुढच्या रविवारी मी घरी आहे, वही घेऊन ये. निदान दहा गावं लिहून झालेली असू देत, आणि त्या प्रॅक्टिकलच्या बॅचचं एचओडी काय म्हणाले तेही सांग. स्लोगन तेव्हा करू.

तुझी मावशी