सामाईक शेती आणि पोटगीची बोलणी

प्रश्न : घटस्फोटाचा दावा चालू आहे. नवऱ्याची भावांसोबत सामाईक शेती, सोयाबीन-कापूस. पोटगीसाठी कोर्टाने मध्यस्थीला पाठवलंय. काय सांभाळू? – एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : आधी दोघांची उत्पन्न-मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं समोर असू द्या, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगीच्या प्रकरणांत ती बंधनकारक केली आहेत. सोबत सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), आडत्याच्या म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या हिशोबपट्ट्या घ्या. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असली की ‘माझ्या वाट्याला काय येतंय’ हे नवऱ्याचं ठरलेलं उत्तर. हिश्शाचं क्षेत्र काढूनच बोला.

नुसता मासिक हप्ता शेतकऱ्याकडून बहुधा थकतो, कारण पैसा सुगीनंतरच हातात येतो. त्यापेक्षा महिन्याला थोडी रक्कम आणि दिवाळीनंतर मोठा हप्ता, असं ठरवा. करारात तारीख, खाते क्रमांक, दरवर्षीची वाढ, थकल्यास व्याज हे सगळं आलं पाहिजे; ‘सोयीनुसार देईन’ असलं वाक्य खोडायला लावा. एकरकमी घेणार असाल तर शेवटच्या जबाबाच्या दिवशी कोर्टातच डिमांड ड्राफ्ट घ्या. जमीन देतो म्हणाला तर आधी वाटणी, मग नोंदणीकृत दस्त. मुलांचा खर्च वेगळा लिहा. त्यांचा हक्क तुम्हाला सोडता येत नाही.

बोलणी फिसकटली तरी मध्यस्थीतलं बोलणं पुरावा म्हणून कोर्टात वापरता येत नाही, तेव्हा आकडा मोकळेपणाने सांगा.