व्हिसाची मुदत संपली आणि अमेरिकेतच लग्न झालं: भारतात जाण्याआधी हे वाचा

प्रश्न: मी मूळची सोलापूरची. नोव्हेंबर २०२२ मध्ये बी-२ (पर्यटक) व्हिसावर न्यू जर्सीत भावाकडे आले. मे २०२३ पर्यंत राहायची परवानगी होती, पण मी परत गेले नाही. २०२४ मध्ये एडिसनला लग्न केलं, पती अमेरिकन नागरिक आहेत. माझं पहिलं लग्न सोलापुरात झालं होतं. दोन्ही घरच्यांनी बसून शंभराच्या स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी केली आणि नोटरी करून घेतली. आता वडिलांची बायपास ठरली आहे. नातेवाईक म्हणतात, भारतात ये आणि नवऱ्याच्या आधारे व्हिसा घेऊन परत जा. मधल्या काळात मी दोन घरी मुलं सांभाळून रोख पैसे घेतले. ग्रीन कार्ड मिळेल का?

उत्तर: मिळू शकतं. पण तुमची खरी अडचण मुदत उलटून राहण्याची नाही, ती सोडचिठ्ठीची आहे. आणि नातेवाइकांचा सल्ला मानलात तर दहा वर्षं परत येता येणार नाही.

आधी प्रवासाचं बोलू, कारण तिकीट काढण्याच्या विचारात असाल. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीवर, दिलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जातात. १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाहून कमी राहून माणूस स्वतःहून बाहेर पडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिला तर दहा वर्षं. ही बंदी अमेरिकेत बसून लागू होत नाही, देश सोडला की लागू होते. तुमचं वर्ष कधीच उलटून गेलं आहे. म्हणजे तुम्ही मुंबईला उतरलात की मुंबईच्या वकिलातीतला अधिकारी पतीचा अर्ज मंजूर असूनही व्हिसा नाकारेल. मग माफीचा अर्ज, त्यात पतीला असह्य त्रास होईल हे सिद्ध करणं आणि निकालाची लांबलचक वाट. वडिलांपाशी जायची ओढ मी समजू शकतो, तरीही हेच सांगेन: जाऊ नका. भावाचा स्वतःचा इमिग्रेशनचा दर्जा पक्का असेल तर त्याला जाऊ द्या.

उलट अमेरिकेतच राहून अर्ज केला तर कायदा तुमच्या बाजूने आहे. नागरिकाची पत्नी जवळच्या नातलगांच्या गटात येते. या गटाला मुदत उलटून राहणं आणि परवानगीविना काम करणं, दोन्ही अडसर ठरत नाहीत. अट एकच: अधिकाऱ्याने तपासून प्रवेश दिलेला असला पाहिजे. तुम्ही विमानतळावर शिक्का घेऊन आलात, म्हणून ती पूर्ण होते. सीमा चोरून ओलांडून आलेल्याला ही सवलत नाही. पती नागरिक नसून नुसते ग्रीन कार्डधारक असते तरीही ती मिळाली नसती. आय-९४ सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि पासपोर्टचं व्हिसा व शिक्क्याचं पान जपून ठेवा. फाइलचा पाया तोच आहे.

मुलं सांभाळल्याचं लपवू नका. अर्जात नोकरीचा इतिहास विचारतात, तिथे खरं लिहा. काम माफ होतं, खोटं माफ होत नाही. एक गोष्ट मात्र आठवून पाहा: कुठे आय-९ (नोकरीला लागताना कामाचा हक्क दाखवायचा) फॉर्म भरून ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ या चौकटीवर खूण केली होती का? तसं असेल तर काहीही दाखल करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला सांगा. नागरिकत्वाचा खोटा दावा हे असं कारण आहे की ग्रीन कार्डच्या अर्जात त्याला माफी जवळजवळ नाहीच.

आता सोडचिठ्ठी. पतीचा आय-१३०, म्हणजे पत्नीसाठी भरायचा नात्याचा अर्ज, तेव्हाच मंजूर होतो जेव्हा तुमचं आधीचं लग्न कायद्याने संपलेलं असतं. न्यू जर्सीच्या लग्नाच्या परवान्यावर ‘घटस्फोटित’ लिहिलं आणि क्लार्कने ते मानून घेतलं, एवढ्याने ते सिद्ध होत नाही. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्याने होतो. कलम २९(२) ने रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, पण तशी रूढी तुमच्या समाजात पूर्वापार चालत आलेली आहे हे ती सांगणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. नोटरी फक्त सही कोणी केली ते सांगतो, त्याच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही. सोलापूर, सांगली, मराठवाड्यात असे कागद घरोघरी सापडतात आणि लोक निर्धास्त असतात. अडचण उभी राहते ती असा कागद परदेशी अधिकाऱ्यापुढे गेल्यावर.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत आणि एक धरली की दुसरी बंद होते, म्हणून आधी निवड करा. समाजात काडीमोडाची रूढी खरोखर असेल, पंचांच्या नोंदी आणि साक्ष देणारी वडीलधारी माणसं असतील, तर कौटुंबिक न्यायालयात घोषणेचा दावा लावता येतो: आमचं लग्न अमुक तारखेला रूढीने संपलं. तो जिंकलात तर एडिसनचं लग्न मुळापासून वैध ठरतं. पुरावा लेचापेचा असेल तर या वाटेला जाऊ नका. मग कलम १३ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट घ्या. त्याला किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जातली सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकतं, हे २०१७ च्या अमरदीप सिंग खटल्यापासून ठरलेलं आहे. पण १३ब चा अर्ज म्हणजे पहिलं लग्न आजवर चालू होतं याची कबुली. त्यामुळे हुकूमनामा हातात आल्यावर न्यू जर्सीत पुन्हा लग्न लावावं लागेल आणि पतीचा अर्ज त्या नव्या तारखेवर उभा राहील. अर्जाचा मसुदा सोलापूरच्या आणि इथल्या, दोन्ही वकिलांनी मिळून पाहिला पाहिजे. पहिल्या पतीनेही दुसरं लग्न केलं असेल तर त्यालाही भीती असणार, त्याच्याशी बोलणं वकिलामार्फतच करा.

यासाठी भारतात जायची गरज नाही. भारतातल्या विश्वासू नातलगाच्या नावे मुखत्यारपत्र करा, न्यू यॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा असतो, हे हमखास राहून जातं. तुमचा जबाब व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यावा असा अर्ज वकिलाला करायला सांगा.

पुन्हा लग्नाची वेळ आली तर मंदिरातले सप्तपदीचे फोटो चालणार नाहीत. टाउनशिपच्या रजिस्ट्रारकडून २८ डॉलर भरून परवाना घ्या. नव्याने लग्न करणाऱ्यांना तो ७२ तासांनी मिळतो, अर्ज करताना १८ वर्षांवरचा एक साक्षीदार लागतो. लग्नानंतर उठावाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत मागून घ्या.

त्यानंतरची फाइल सरळ आहे. पतीचा आय-१३०, तुमच्या माहितीचा आय-१३०ए, ग्रीन कार्डचा अर्ज आय-४८५, कामाच्या परवान्यासाठी आय-७६५, पतीचं हमीपत्र आय-८६४ आणि डॉक्टरांचा बंद पाकिटातला वैद्यकीय तपासणीचा आय-६९३, सगळं एकत्र पाठवा. डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ सोबत नसेल तर आय-४८५ परत येऊ शकतो. टीबीची तपासणी रक्तावर होते, त्यामुळे लहानपणीच्या बीसीजी लशीने तिचा निकाल चुकत नाही. एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे कागदी आय-१३० ला ६७५, आय-४८५ ला १,४४० आणि सोबतच्या आय-७६५ ला २६० डॉलर लागतात. पाठवायच्या दिवशी दर पुन्हा तपासा आणि प्रत्येक फॉर्मचे पैसे वेगळे भरा. एकत्र भरले तर सगळी फाइल परत येऊ शकते. पतीचं उत्पन्न दोघांच्या कुटुंबासाठीच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यात ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. कमी पडलं तर दुसरा हमीदार घेता येतो.

जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडा. सोलापूर महापालिकेच्या नोंदीत नाव न घालता नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रं सोबत लावा. संसार खरा आहे हे दाखवायला दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त बँक खातं, विम्यावरचं वारसाचं नाव आणि एकत्र भरलेला कर, एवढं ठोस असलं की पुरतं. शंभर फोटोंची गरज नाही.

धोकाही सांगतो. आय-४८५ प्रलंबित आहे म्हणून कोणी हात लावणार नाही, असं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ च्या धोरणात इमिग्रेशन खात्याने स्पष्ट म्हटलं आहे की कौटुंबिक अर्जाने दर्जा मिळत नाही आणि हद्दपारीपासून संरक्षण मिळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन दिएगोत मुलाखतीला आलेल्या, मुदत उलटलेल्या जोडीदारांना अटक झाल्याच्या बातम्याही आल्या. म्हणून अर्धवट फाइल घाईने पाठवू नका. ती नाकारली गेली तर थेट हद्दपारीची नोटीस येऊ शकते. सोडचिठ्ठीचा निकाल लागेपर्यंत थांबा, मग पूर्ण फाइल टाका. मुलाखतीला वकील बरोबर न्या आणि त्याचा जी-२८ (वकील तुमच्या वतीने हजर असल्याचा फॉर्म) आधीच दाखल असू द्या.

अर्ज प्रलंबित असताना ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, घेऊन जाता येईल, असंही कोणी सांगेल. अराबली आणि येराबेली या २०१२ च्या निर्णयाने अशा प्रवासाला दहा वर्षांच्या बंदीतून वगळलं आहे, हे खरं. पण परतल्यावर आत घ्यायचं की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. सध्याच्या वातावरणात मी तुम्हाला हा प्रवास करायला सांगणार नाही. ग्रीन कार्ड हातात आल्यावर जा. ते मिळण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं येईल. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (कार्डावरची दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज) भरायचा आहे, ती तारीख कार्ड आल्या दिवशीच कॅलेंडरवर टाका.

या आठवड्यात दोन कामं करा: सोडचिठ्ठीच्या कागदाची स्वच्छ प्रत सोलापूरच्या वकिलाकडे पाठवा, आणि समाजातल्या जुन्या काडीमोडांची माहिती असलेली कोण माणसं आहेत ते वडिलांना विचारून लिहून ठेवा. बायपासच्या आधी विचारलंत तर बरं.