डब्यातले नूडल्स आणि आईचा अपराधभाव

मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, तो अधूनमधून डोके दुखत असल्याचे सांगतो, आणि याला आपण त्याला दिलेले नूडल्सच कारणीभूत आहेत अशी मनाची खात्री करून घेतलेल्या आया माझ्याकडे नेहमी येतात. नागपुरात आहार समुपदेशक म्हणून काम करताना साखर, मैदा किंवा तेलापेक्षाही अधिक धास्ती मला एका पदार्थाविषयी दिसते, तो म्हणजे अजिनोमोटो. हे खरे तर एका जपानी कंपनीचे नाव; चव वाढवण्यासाठी घालतात त्या पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, थोडक्यात ग्लुटामेट. पाकिटावर तो कधी याच नावाने, तर कधी 621 या क्रमांकाने छापलेला असतो. या धास्तीने एका कुटुंबाचे काय झाले होते ते येथे सांगते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

प्रतापनगर भागातल्या एक ताई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि सासूबाईंना घेऊन आल्या. मुलगा अंगापिंडाने ठीक होता, वजन 28 किलो होते, बोलण्यात चुणचुणीत होता. ताई नोकरी करणाऱ्या. सकाळची शाळा, त्यांची स्वतःची बस आणि घरातला स्वयंपाक यांचा मेळ बसवताना आठवड्यातून दोन-तीनदा डब्यात नूडल्स जात, आणि रविवारी कधीतरी चौकातल्या चायनीजच्या ठेल्यावरचे मंचुरियन घरी येई. नात्यातल्या कुणीतरी मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली, तीत अजिनोमोटोने मुलांच्या मेंदूच्या पेशी मरतात असे ठामपणे सांगितले होते. त्या दिवसापासून ताईंची झोप उडाली. मुलगा चार वर्षांचा असल्यापासून आपण त्याला किती पाकिटे खाऊ घातली याचा हिशेब त्या रात्री मांडत बसत. घरात उघड भांडण झाले नव्हते, पण परीक्षेत गुण कमी आले की सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतात असे त्यांना वाटे. सासूबाईंनी माझ्यासमोरच म्हटले, "आम्ही आमच्या लेकरांना असं काही खाऊ घातलं नाही जी." त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, काळजीच होती, पण ताईंचे डोळे भरून आले.

अशा वेळी पहिल्याच भेटीत शास्त्रीय माहितीचा मारा करणे मला योग्य वाटत नाही. घाबरलेल्या माणसाला आकडे ऐकू येत नाहीत. त्याला आपली बाजू काढून घेतली जात आहे, एवढेच जाणवते. म्हणून मी ताईंना दोन गोष्टी करायला सांगितल्या. पुढचे काही आठवडे मुलाचे डोके कोणत्या दिवशी, किती वाजता दुखले, त्याआधी त्याने काय खाल्ले होते आणि आदल्या रात्री तो किती वाजता झोपला, हे एका वहीत लिहायचे. आणि पुढच्या भेटीला घरातले नूडल्सचे रिकामे पाकीट घेऊन यायचे. शिवाय मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन डोळेही तपासून घ्या असे सुचवले, कारण मुलांच्या डोकेदुखीचे निदान आहार समुपदेशकाने करायचे नसते.

दुसऱ्या भेटीत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता: "मॅडम, हे विषच आहे ना?" मी त्यांना सांगितले की ग्लुटामेट हे ग्लुटामिक आम्लाचेच सोडियमयुक्त रूप, आणि ग्लुटामिक आम्ल हे प्रथिने ज्या अमिनो आम्लांनी बनतात त्यांपैकीच एक आहे. डाळ, गहू, दूध यांच्या प्रथिनांत ते बांधलेल्या स्वरूपात असते, आणि पिकलेले टोमॅटो, मटार, मुरवलेले चीज यांत ते सुट्या स्वरूपातही असते. आईच्या दुधात तर सुट्या स्वरूपातले ग्लुटामेट गाईच्या दुधापेक्षा बरेच जास्त असते. 1908 मध्ये टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सुपातून ते वेगळे केले, त्या चवीला उमामी असे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी ते जपानच्या बाजारात आले. आज ते उसाच्या मळीपासून किंवा स्टार्चपासून, जिवाणूंच्या मदतीने आंबवून तयार करतात. टोमॅटोतले ग्लुटामेट आणि पुडीतले ग्लुटामेट यांच्यात आपले शरीर फरक करत नाही.

"मग मेंदूचे काय?" हा ताईंचा खरा प्रश्न होता, आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे झाले असते, कारण ही भीती हवेतून आलेली नाही. 1968 मध्ये रॉबर्ट हो मॅन क्वॉक नावाच्या डॉक्टरांचे एक पत्र अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर आपल्या मानेच्या मागे बधिरपणा येतो, अशक्तपणा वाटतो आणि छातीत धडधडते असे त्यांनी लिहिले होते. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, जास्त मीठ अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या. ग्लुटामेट ही त्यांपैकी एक. लोकांच्या लक्षात मात्र तीच राहिली. पुढच्याच वर्षी जॉन ओल्नी या संशोधकांनी नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचले आणि त्यांच्या मेंदूच्या एका भागाला इजा झाल्याचे दाखवून दिले. मोबाइलवरच्या चित्रफितींत जो "प्रयोग" सांगतात तो बहुधा हाच. परंतु ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे अर्धा ते चार ग्रॅम होती, ती त्वचेखाली टोचलेली होती आणि उंदरांची पिल्ले नुकती जन्मलेली होती. त्या प्रमाणात या मुलासाठी हिशेब केला तर 14 ग्रॅमपासून 112 ग्रॅमपर्यंत ग्लुटामेट एकाच वेळी सुईने टोचावे लागेल. तोंडावाटे पोटात गेलेल्या ग्लुटामेटचा फार मोठा भाग आतड्याच्या पेशी स्वतःच इंधन म्हणून वापरून टाकतात, रक्तात थोडेच उतरते, आणि रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर आणखी एक अडसर असतो.

ताईंनी विचारले, "पण कितीतरी जणांना ते खाल्ल्यावर खरंच त्रास होतो, त्याचं काय?" होतो, असे सांगणाऱ्यांना खोटे ठरवू नये. अमेरिकेत अशा 130 जणांना, ज्यांनी आपल्याला त्रास होतो असे स्वतःहून सांगितले होते, कधी ग्लुटामेट आणि कधी त्यासारखेच दिसणारे दुसरे काही देऊन तपासले गेले. काय दिले आहे हे ना त्यांना ठाऊक होते ना देणाऱ्याला. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शेवटपर्यंत पाच ग्रॅमच्या मात्रेला पुन्हा पुन्हा तशीच प्रतिक्रिया देणारे फक्त दोघे उरले, आणि जेवणासोबत दिल्यावर त्यांच्याही प्रतिक्रियेत सातत्य राहिले नाही. तीन ग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लुटामेट अन्नाशिवाय घेतले तर काही संवेदनशील व्यक्तींना डोकेदुखी, बधिरपणा, चेहऱ्यावर उष्णता असे थोड्या वेळात ओसरणारे त्रास होऊ शकतात, हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1995 मध्ये करवून घेतलेल्या अहवालात नोंदवले आहे. ज्याला स्वतःच्या अनुभवाने त्रास जाणवतो त्याने ते टाळावे. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तज्ज्ञांच्या संस्थांतही या बाबतीत पूर्ण एकमत नाही, हे मी लपवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने 1987 मध्ये रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नाही असे ठरवले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र 2017 मध्ये अशी मर्यादा घातली: खाद्यपदार्थांत वरून घातल्या जाणाऱ्या ग्लुटामेट गटातल्या सर्व द्रव्यांसाठी मिळून, दर किलो वजनामागे दिवसाला 30 मिलिग्रॅम. 28 किलोच्या मुलासाठी ती 840 मिलिग्रॅम होते. ती ओलांडली की इजा झालीच असे नव्हे, कारण अशा मर्यादा सुरक्षिततेसाठी बरेच अंतर ठेवून आखलेल्या असतात. पण रोज पाकिटबंद खारे पदार्थ खाणारे मूल तिच्या पलीकडे जाऊ शकते. माझ्या मते पालकांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच: अधूनमधून आणि रोज यांत फार फरक आहे.

त्यानंतर आम्ही पाकीट हातात घेतले. पुढच्या बाजूला ग्लुटामेट घातलेले नाही असे ठळक अक्षरांत होते, आणि ताईंना त्याचाच आधार वाटत होता. मागच्या बारीक अक्षरांत मसाल्याच्या घटकांमध्ये जलविघटित वनस्पती प्रथिने आणि 635 हा क्रमांक होता. अशा, म्हणजे आधीच तोडून घेतलेल्या, प्रथिनांत सुटे ग्लुटामेट आपसूकच असते, आणि 635 हे चव वाढवणारे दुसरे द्रव्य त्याच चवीला उठाव देते. 2015 मध्ये मॅगीवरून जो गदारोळ झाला त्याची एक बाजू हीच होती: शिशाच्या प्रमाणाबरोबरच पाकिटावरच्या अशा दाव्यावरही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आक्षेप घेतला होता. 5 जूनचा तो बंदीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्टला रद्द केला, कारण कंपनीला बाजू मांडण्याची योग्य संधी दिली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना आवश्यक मान्यता नव्हती. न्यायालयाच्या निकालाचे तपशील थोड्यांनी वाचले, भीती मात्र घरोघरी राहून गेली.

मग मी ताईंचे बोट पोषणमूल्यांच्या तक्त्यातल्या सोडियमच्या ओळीवर ठेवले. शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून अधिक. प्रौढ माणसाने दिवसभरात 2000 मिलिग्रॅमच्या आत राहावे, म्हणजे मिठाचा हिशेब पाच ग्रॅमच्या आत ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी ही मर्यादा त्यांच्या गरजेच्या प्रमाणात आणखी कमी. यातले बहुतेक सोडियम साध्या मिठाचे असते. ग्लुटामेटमध्ये सोडियम साधारण 12 टक्के, तर मिठात 39 टक्के. म्हणजे सगळे घर 621 या आकड्याला घाबरत होते आणि त्याच पाकिटावर शेजारीच छापलेली मिठाची गोष्ट कुणी वाचलीच नव्हती. मला खरी तळमळ याचीच आहे, कारण लहानपणी लागलेली खारट चवीची सवय पुढे रक्तदाबाला हातभार लावते आणि ती सुटता सुटत नाही.

माझ्या कपाटात ग्लुटामेटची एक छोटी बाटली असते. मिठाचे दाणे चौकोनी असतात. याचे स्फटिक लांबट, सुईसारखे, उजेडात चमकणारे. मी उकडलेल्या डाळीचे पाणी दोन वाट्यांत घेतले. एकीत नेहमीइतके मीठ घातले, दुसरीत मीठ निम्मे आणि या स्फटिकांची चिमूट. ताईंनी हात मागे घेतला, आणि मी आग्रह केला नाही. सासूबाईंनी मात्र दोन्ही वाट्या ओठांना लावल्या, दुसरी पुन्हा एकदा लावली आणि म्हणाल्या, "हे तं आपल्या टमाट्याच्या सारावानी लागते जी." खोलीतला ताण तिथे सैल झाला. त्यांच्या सुनेकडे बघण्याच्या नजरेतही फरक पडला असे मला दिसले, आणि माझ्या कामात माहितीपेक्षा या गोष्टीचे मोल मी अधिक मानते. "आमचं लेकरू बिघडलं" आणि "हिने बिघडवलं" या दोन वाक्यांच्या मध्ये सापडलेली बाई घरात ताठ मानेने वावरू शकत नाही.

वहीतल्या नोंदींनी उरलेले काम केले. डोके दुखण्याच्या दिवसांचा नूडल्सच्या दिवसांशी मेळ बसत नव्हता; पोळी-भाजी नेलेल्या दिवशीही ते दुखले होते. मेळ बसत होता तो वेगळ्याच गोष्टींशी. रात्री उशिरापर्यंत मोबाइल, सकाळी दूधही न घेता सहाच्या सुमारास घर सोडणे आणि पाण्याची बाटली भरलेलीच परत येणे. मार्च लागला की नागपूरचे ऊन काय असते हे येथे वाचणाऱ्यांना सांगायला नको. डोळ्यांच्या तपासणीत चष्म्याचा लहानसा क्रमांकही निघाला. बालरोगतज्ज्ञांनी बाकी काळजीचे कारण नसल्याचे सांगितले. अभ्यासातल्या लक्षाविषयी मी घाईने काही बोलले नाही. झोप सुधारल्यावर शाळेतल्या बाईंशी बोलून ते पाहायचे असे ठरले.

नूडल्सचे काय करायचे हे मी ठरवले नाही, त्या दोघींनी ठरवले. डब्यातून ते गेले. पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळी घरी करायचे, मसाल्याची अर्धीच पुडी घालायची आणि मटार, गाजर, टोमॅटो भरपूर टाकायचे, असे ठरले. सकाळच्या घाईसाठी आजींनी तर्री न घातलेले पोहे आणि आदल्या रात्री सारण करून ठेवलेले पराठे आपल्याकडे घेतले. ताईंनी आपल्या जावेचा लहान बाळाविषयीचा प्रश्नही विचारून घेतला. त्याचे उत्तर सरळ आहे: ग्लुटामेट घातलेला पदार्थ बारा महिन्यांखालील बाळाला देऊ नये असा इशारा पाकिटावर छापणे आपल्याकडच्या नियमांत आहे, आणि तसेही त्या वयात बाळाच्या अन्नात वेगळे मीठदेखील घालायचे नसते.

निघताना मुलाने स्वतःच विचारले की ठेल्यावरचे मंचुरियन कायमचे बंद का. मी त्याच्या आईकडे पाहिले. कधीतरी खायला हरकत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि ठेल्यावर जाऊन कढईतले तेल किती काळे झाले आहे आणि लाल रंग कुठून येतो हे आपण दोघे आधी बघू, असेही त्यांनीच जोडले.