वाट दिसत नाही, तेव्हा देवाला काय विचारावं?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे आठ यंत्रमाग आहेत. मजुरीवर टॉवेल विणून देतो. वीजबिल आणि कामगारांचे पगार भागवले की हातात फारसं उरत नाही. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, माग विका, घर विका आणि इकडे या. मी रोज पहाटे सिद्धेश्वराला जातो, पण अजून काही संकेत मिळालेला नाही. देवावर भार टाकून थांबावं की निघावं?

उत्तर : काका, तुम्ही तीन प्रश्न एकाच दाव्याला बांधलेत. माग चालवायचे का, सोलापूर सोडायचं का, घर विकायचं का. उद्या दर्शन घेताना मनात ‘नीघ’ असं आलं, तर ते मागांबद्दल की घराबद्दल, हे कसं ओळखणार? आधी तिन्ही सुटे करा.

संकेताचं म्हणाल, तर सिद्धेश्वराची, म्हणजे सिद्धरामेश्वरांची कथा तुम्हाला पाठ असेल. शेत राखणाऱ्या पोराकडे, म्हणजे लहानग्या सिद्धरामाकडे, मल्लय्या म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन जंगमाच्या, म्हणजे फिरत्या लिंगायत साधूच्या रूपात आला, हुरडा खाल्ला, मग दहीभात मागितला. पोरगा घरून भात घेऊन आला तर मल्लय्या गायब. त्याला शोधत सिद्धराम श्रीशैलला गेला, तिथंही दर्शन होईना म्हणून कड्यावरून उडी घ्यायला निघाला, तेव्हा कुठं देवानं हात धरला. आणि सांगितलं काय? गावी परत जा, देऊळ उभं कर, तळं खोद. पुढच्या आयुष्याचा नकाशा काही दिला नाही, हाताला काम दिलं. गीतेतही अठराव्या अध्यायाच्या 63व्या श्लोकात श्रीकृष्ण सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. विचार करण्याचं काम देवानंच आपल्याकडे ठेवलंय. ते टाळून संकेताची वाट बघत बसण्याला भरवसा म्हणणं आम्हाला पटत नाही.

तेव्हा पहिलं काम वहीचं. मागच्या बारा महिन्यांची मजुरी एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला वीज, पगार, धोटे आणि बाकीचे सुटे भाग, कर्जाचा हप्ता. स्वतःचा पगारही त्यात धरा. काकू घरी बसून कांड्या भरत असतील तर त्यांचाही. बहुतेक घरांत हे मोल कुणी धरतच नाही, आणि म्हणूनच तोट्यातला धंदाही वर्षानुवर्षं चाललाय असं वाटत राहतं.

मग जे पाऊल मागं घेता येतं, ते आधी टाका. मागावर चढलेले बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, विणून पुरे झाले की आठांपैकी चार माग तीन महिने बंद ठेवून बघा. घर न विकता दोघं महिनाभर पुण्यात राहून या. पहिले आठ दिवस पाहुणचारात जातात, ते हिशेबात धरू नका. खरा अंदाज तिसऱ्या आठवड्यात येतो, मुलगा कामावर आणि तुम्ही दिवसभर फ्लॅटमध्ये, तेव्हा. भंगारात गेलेला माग आणि विकलेलं घर परत येत नाही, म्हणून हे दोन निर्णय सगळ्यात शेवटी.

दर्शन चालूच ठेवा, फक्त मागणं बदला. रोज ठरल्या वेळी वीस मिनिटं बसा. पहिली पाच नुसती शांत. मग ‘पुढं काय होईल’ याऐवजी ‘आज मी काय करू’ एवढं एकच वाक्य देवापुढं ठेवा. जे सुचेल ते तारीख टाकून लिहा, चाळीस दिवस. नंतर सगळं एका बैठकीत वाचा. भीतीतून आलेली गोष्ट बहुधा घाई करते, ‘आजच कर’ म्हणते आणि माणसागणिक बदलते. जी गोष्ट पोट भरलेलं असताना, झोप झालेली असताना आणि मुलाचा फोन आलेला नसतानाही तशीच टिकते, तिच्याकडं लक्ष द्या. मात्र कामगारांचा थकलेला पगार बुडवून निघून जावं असं सुचलं, तर ते देवाच्या नावावर खपवू नका.

प्रश्न : मुलीला दोन स्थळं आलीत. ग्रामदैवतापुढं चिठ्ठ्या टाकल्या तर पहिलं स्थळ आलं. घरच्यांना दुसरं पसंत होतं म्हणून पुन्हा टाकल्या, तेव्हा दुसरं आलं. तिसऱ्यांदा परत पहिलं. खरी चिठ्ठी कोणती मानायची?

उत्तर : ताई, एकही नाही. हवं ते येईपर्यंत टाकत राहिलं की कौल आपणच आपल्याला देत असतो. चिठ्ठीचे नियम जुने आणि साधे आहेत. कागद एकाच मापाचे, शाई एक, घड्या सारख्या. उचलणाऱ्याला कशात काय लिहिलंय ते माहीत नको. दोन चिठ्ठ्यांबरोबर ‘अजून थांबा’ अशी तिसरीही ठेवावी. आलं ते मानायचं, हे टाकण्याआधी घरात ठरलेलं असावं, आणि विचारायचं एकदाच. काही देवळांत मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावतात. तिथं जास्त ओली, जड पाकळी लवकर घसरते, वाऱ्याच्या झोताला असलेली त्याहून लवकर. लावणाऱ्याचा हात कळत नकळत त्यात असतोच.

शिवाय चिठ्ठी टाकावी ती सगळी चौकशी होऊन दोन्ही पारडी सारखी उरली तर. मुलाची नोकरी, कर्ज, व्यसन, घरातली माणसं हे चार ठिकाणी विचारून कळतं, त्यासाठी देवाला कशाला शिणवायचं? आणि तुमच्या पत्रात मुलीला काय वाटतं, याबद्दल एक ओळही नाही. आधी तिला विचारा, एकटीला, मामा-आत्या समोर नसताना. ती नाही म्हणाली तर चिठ्ठीचा विषयच संपला.

मधेच कुणी ‘महाराज’ दोष काढून शांतीचे हजारो रुपये मागू लागले, तर तिथून उठून या. धाक घालून किंवा उपचार थांबवायला लावून फसवणूक होत असेल, तर 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते.

प्रश्न : ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ ही स्वामींची पाटी घरात आहे. दर गुरुवारी अक्कलकोटला जाते. तरी नवऱ्याच्या ऑपरेशनची भीती जात नाही. माझी श्रद्धा कमी पडते का?

उत्तर : नाही ताई. जो भ्यालेला आहे, त्यालाच ‘भिऊ नकोस’ म्हणतात. समोर साक्षात श्रीकृष्ण असताना अर्जुनाच्या हातून धनुष्य गळत होतं. नामस्मरण चालू ठेवा, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: किती दिवस दवाखाना, कोणत्या गोळ्या आधी बंद करायच्या, रक्ताची सोय करावी लागेल का, घरी आल्यावर काय दिसलं तर लगेच परत आणायचं. रात्री उशाशी कोण थांबणार, हेही आधीच ठरवा, नाहीतर सगळं तुमच्यावरच येईल. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, तर ते स्वतःसाठीही डॉक्टरांना सांगा.