हडळ, जखीण की हाकामारी?

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: गोष्टीतला डिटेक्टिव्ह बेळगावचा. भर पावसात टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटपाशी त्याला भेटणारी बाई कधीच मेलेली. तिला हडळ म्हणावं, जखीण की चेटकीण?

चेटकीण बाद. ती चेटूक करणारी, म्हणजे जिवंत बाई.

खरी गोम उरलेल्या दोघींत आहे. मराठीत बाईच्या भुताचं नाव बहुधा ती कशी गेली यावरून पडतं. बाळंतपणात गेलेली ती हडळ. कुठे तिलाच अळवंत म्हणतात. जखीण बहुधा सवाष्णपणी गेलेली, मागे काहीतरी इच्छा राहिलेली. (ही मूळची यक्षिणी. प्राकृतात जक्खिणी झाली आणि कुबेराच्या दरबारातून थेट आपल्या चिंचेवर आली.) आता डिटेक्टिव्हनं दुसऱ्याच पानावर 'ही हडळ' म्हटलं की पंचनामा उरकला. बाळंतपण, मूल, मुलाचा बाप, सगळं जाणत्या वाचकाच्या हाती लागलं. मग पुढची ऐंशी पानं त्या बिचाऱ्यानं भिजायचं कशाला?

माझं मत हाकामारीला. हे नाव मरणावरून पडलेलं नाही. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारते ती हाकामारी. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ती काय करते ते कळतं, कोण होती ते कळत नाही.

संवादात मात्र यातला एकही शब्द नको. आपल्याकडची म्हातारी रात्री नाव घेणारच नाही. 'त्या वाटंनं जाऊ नको, बाहेरचं हाय,' एवढंच म्हणेल.

शिवाय हाकामारीची कन्नड बहीण आपल्या शेजारीच आहे. १९९०च्या दशकात कर्नाटकात ठिकठिकाणी दारांवर 'नाळे बा' लिहीत, म्हणजे 'उद्या ये'. दार ठोठावणारी ते वाचून परत जाते, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचते. यातला 'बा' एकेरी आहे. मानानं बोलवायचं तर 'बन्नी'. भुताला कोण अहो-जाहो करतं म्हणा! पण गल्लीतल्या सगळ्या दारांवर 'नाळे बा' आणि एकाच दारावर 'नाळे बन्नी' दिसलं, तर त्या घरात तिला जिवंतपणी मान देणारं कुणीतरी आहे. डिटेक्टिव्हनं पहिली कडी तिथली वाजवावी.